रेट्रोत ठरलेली कामं पुढच्या रेट्रोपर्यंत होत नाहीत, नेमकं कुठे अडतं?

लोकमान्यनगरकर (सोमवार, सकाळी ९:४०)

नमस्कार मंडळी. इंदूरमधली सात जणांची सॉफ्टवेअर टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा एक टप्पा), ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. रेट्रो (स्प्रिंट संपताना काय जमलं, काय अडलं याची बैठक) दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ६. चर्चा मोकळेपणाने होते, तिथे काही अडचण नाही. अडतं ते पुढे. गेल्या वेळचे ठराव जसेच्या तसे देतो:

कोड रिव्ह्यू लवकर करायचे.
टेस्ट (कोड आपोआप तपासणारे प्रोग्राम) उगाचच फेल होतात, त्याकडे बघायचं.
स्टोरीत (ग्राहकाला हव्या असलेल्या एका कामाच्या वर्णनात) स्पष्टता हवी.
टेस्ट एन्व्हायर्नमेंट (चाचणीचा सर्व्हर) सारखं बंद पडतं, इन्फ्रावाल्यांशी (सर्व्हर सांभाळणाऱ्यांशी) बोलायचं.
टीममधला संवाद वाढवायचा.

जबाबदारी: सगळ्यांची. आता पुढची रेट्रो आली की याच पाच चिठ्ठ्या नव्या रंगात लागतील. 'शिस्त हवी' याच्या पलीकडचं काही हवं आहे. टिकेट (बोर्डावरचं कामाचं कार्ड) कसं लिहायचं, किती वेळ राखायचा, कधी तपासायचं, असं.

रामबाग_कट्टा (सोमवार, सकाळी १०:२५)

दादा, या पाचांत काम एकही नाही. पाचही इच्छा आहेत. 'रिव्ह्यू लवकर करायचे' हे उद्या सकाळी ऑफिसात आल्यावर कोण, कोणत्या स्क्रीनवर, काय करून सुरू करणार? याचं उत्तर वाक्यातच नसेल तर ते काम सुरूच होत नाही, मग पूर्ण कुठून होणार.

पहिलाच ठराव घेऊ. आधी आजची स्थिती मोजा. गेल्या दोन स्प्रिंटमधले शेवटचे २० पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे इतरांनी तपासावा म्हणून टाकलेला कोडमधला बदल) काढा, प्रत्येकाचा 'उघडला' ते 'पहिली टिप्पणी आली' हा वेळ कामाच्या तासांत लिहा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी घेऊ नका. एखादा पीआर आठवडाभर पडून राहिला की सरासरी फसवते. समजा मधला आकडा १४ तास आला. मग ठराव असा लिहायचा:

'पुढचा एक स्प्रिंट रोज ११:३० ते १२ सगळ्यांनी फक्त रिव्ह्यू करायचे. बोर्डावरच्या रिव्ह्यू रकान्यात एका वेळी जास्तीत जास्त ३ कार्डं. चौथं आलं तर नवी स्टोरी हातात न घेता आधी रिव्ह्यू. स्प्रिंट संपताना मधला आकडा ६ तासांच्या आत आला का, ते बघायचं. लक्ष ठेवणार: अमुक.'

आता हे झालं की नाही यावर वाद होऊ शकत नाही. 'अमुक'च्या जागी एकच नाव. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्यावर विसंबतात. ज्याचं नाव आहे त्याने सगळं काम स्वतः करायचं असंही नाही. त्याने रोज ११:३० ला हाक मारायची आणि शेवटी आकडा आणायचा, इतकंच.

आणि पाच नको. एक घ्या. फार तर एक मोठं आणि एक अर्ध्या तासाचं किरकोळ. बाकीच्या चिठ्ठ्या जपूनही ठेवू नका. प्रश्न खरा असेल तर पुढच्या रेट्रोत तो आपल्या पायांनी परत येतो. जपून ठेवलेली यादी वीस-तीस ओळींची झाली की कुणी उघडत नाही.

खजराना_क्यूए (सोमवार, सकाळी ११:१०)

कट्टा म्हणतात ते पटतं, पण नीट लिहिलेलं कामही चुकीच्या जागी ठेवलं तर हरवतं. रेट्रोच्या पाटीवरची चिठ्ठी, विकीवरचं पान, मीटिंगनंतरचा मेल, या तिन्ही जागा रोज कुणी बघत नाही. रोज बघितला जातो तो स्प्रिंटचा बोर्ड. कामाचं टिकेट तिथेच हवं, स्टोरींच्या रांगेत, 'रेट्रो' असं लेबल लावून. म्हणजे डेलीत (रोजच्या छोट्या बैठकीत) त्याचाही नंबर लागतो आणि 'काल काही हललं नाही' हे दुसऱ्या दिवशी दिसतं, चौदाव्या दिवशी नाही.

त्यासाठी वेळ कुठून येतो याचा हिशेब प्लॅनिंगमध्ये सगळ्यात आधी करा, स्टोरी भरून झाल्यावर नाही. सात माणसं, दहा कामाचे दिवस, त्यातला एक दिवस प्लॅनिंग, स्प्रिंट रिव्ह्यू (ग्राहकाला काम दाखवणं), रेट्रो आणि रिफाइनमेंटमध्ये (पुढच्या स्टोरी नीट करण्यात) जातो असं धरा. उरले नऊ. दिवसाला खरं काम पाच तास. ७ × ९ × ५ = ३१५ तास. त्यातले १२ ते १५ तास सुधारणेसाठी आधी बाजूला काढा आणि उरलेल्या ३०० मध्ये स्टोरी बसवा. पंधरा तासांत न मावणारं सुधारणेचं काम असेल तर त्याचा पहिला तुकडाच घ्या. येत्या स्प्रिंटमध्ये रंगपंचमी आहे, त्या दिवशी गेर (रंगांची मिरवणूक) असते, म्हणून दहाऐवजी नऊ दिवस धरा. ७ × ८ × ५ = २८० तास. हे ३५ तास आधी वजा केले नाहीत तर कात्री पहिल्यांदा सुधारणेच्या कामावरच चालते, हे ठरलेलं.

जिरा (कामांचा बोर्ड ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एक गोष्ट फुकट मिळते. स्प्रिंट बंद करताना न झालेलं टिकेट पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललं की त्याच्या स्प्रिंट फील्डमध्ये आधीच्या स्प्रिंटांची नावं राहतात. 'रेट्रो' लेबलचा एक फिल्टर करून ठेवा. ज्या टिकेटवर तीन स्प्रिंटांची नावं साचली आहेत ते चौथ्यांदा ढकलायचं नाही. त्याचे तुकडे करा किंवा सरळ बंद करा.

शुक्रवार संध्याकाळबद्दलही बोलायला हवं. ६ वाजता ठरतं आणि प्लॅनिंग सोमवारी. मधल्या अडीच दिवसांत संदर्भ निघून जातो आणि सोमवारी पीओच्या (प्रॉडक्ट ओनर, काय बनवायचं ते ठरवणारी व्यक्ती) यादीला प्राधान्य मिळतं. स्प्रिंट बुधवार ते मंगळवार करून बघा. मंगळवारी संध्याकाळी ग्राहक ऑनलाइन आला की स्प्रिंट रिव्ह्यू, बुधवारी सकाळी १०:३० ला रेट्रो, १२ ला प्लॅनिंग. रेट्रोतून उठलेली टीम तेच टिकेट हातात घेऊन प्लॅनिंगला बसते.

सुपरकॉरिडॉर_पीओ (सोमवार, दुपारी १:०५)

पीओच्या बाजूने लिहिते. असे तास आधीच काढून ठेवलेले आम्हालाही परवडतात, पण ते दिसले पाहिजेत. स्प्रिंटच्या मध्यावर 'आम्ही जरा टेस्ट सुधारतोय' हे कळणं आणि प्लॅनिंगमध्येच '१५ तास यासाठी' हे कळणं, यांत माझ्यासाठी फार फरक आहे. दुसऱ्यात मी ग्राहकाला तारीख नीट सांगू शकते.

स्क्रम गाइडचा (स्प्रिंट-रेट्रोच्या या पद्धतीच्या मूळ पुस्तिकेचा) आधार हवा असेल तर दोन्ही आवृत्त्या माहीत असू द्या, त्यावरून वाद होतात. २०१७ च्या आवृत्तीत लिहिलं होतं की आधीच्या रेट्रोतली किमान एक महत्त्वाची प्रक्रिया-सुधारणा स्प्रिंट बॅकलॉगमध्ये (स्प्रिंटच्या कामांच्या यादीत) असतेच. २०२० च्या आवृत्तीत ही सक्ती काढली. आता म्हटलंय की सर्वांत परिणामकारक सुधारणा शक्य तितक्या लवकर हाती घ्याव्यात, त्या पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्येही घालता येतील. सक्ती गेली म्हणून गरज गेली असं नाही. माझ्या मते नव्या टीमने २०१७ चाच नियम पाळावा.

पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा) मात्र देऊ नका. सुधारणेच्या टिकेटला पॉइंट दिले की वेलॉसिटीत (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटांच्या बेरजेत) ती भर पडते आणि त्या आकड्यावरून मी काढलेला रिलीजचा अंदाज फुगतो.

पळशीकर_कॉलनी (सोमवार, दुपारी २:३०)

ताई, पॉइंटबाबत असहमत. पॉइंट नसलेलं कार्ड बर्नडाउनमध्ये (उरलेलं काम दाखवणाऱ्या आलेखात) दिसत नाही. बर्नडाउनमध्ये जे दिसत नाही ते शेवटच्या तीन दिवसांत कुणी हातात घेत नाही. एक दिवसापेक्षा मोठं काम असेल तर पॉइंट द्यावेत.

सुपरकॉरिडॉर_पीओ (सोमवार, दुपारी २:५०)

मग दर स्प्रिंटला द्या. एका स्प्रिंटला दिले, दुसऱ्याला नाही, असं झालं की मागच्या चार स्प्रिंटांच्या सरासरीला अर्थ राहत नाही. दरवेळी साधारण सारखाच वाटा सुधारणेला जात असेल तर पॉइंट देऊनही माझा अंदाज फार हलणार नाही, हे मान्य. बर्नडाउन तासांवर काढत असाल तर हा प्रश्नच उरत नाही.

पळशीकर_कॉलनी (सोमवार, दुपारी ४:१५)

चौथ्या ठरावाकडे येतो, कारण तो या यादीत वेगळ्या जातीचा आहे. इंदुरात ओला-सुका कचरा घरातच वेगळा करून गाडीत टाकायची आपल्याला सवय आहे. गाडीत एकत्र गेलेलं नंतर निवडणं किती अवघड, ते कुणाला सांगायला नको. रेट्रोतल्या कामांचंही तसंच आहे. ठराव करतानाच, त्या खोलीतच, दोन ढीग करा: जे आपल्या सात जणांच्या हातात आहे ते आणि ज्याला दुसऱ्याचा होकार लागतो ते. पहिल्या ढिगातलं काम पूर्ण होतं किंवा होत नाही. दुसऱ्या ढिगातल्यात आपल्या हाती फक्त मागणी नीट पोचवणं असतं, म्हणून टिकेटही तेवढ्याचंच करायचं.

'इन्फ्रावाल्यांशी बोलायचं' याने काही हलत नाही, कारण त्यांच्याकडे अशा बोलण्यांची रांग लागलेली असते. त्याऐवजी एक स्प्रिंटभर नोंद ठेवा. एन्व्हायर्नमेंट किती वाजता बंद पडलं, किती वाजता परत आलं, त्या वेळी कोणती कार्डं अडकली. हाताने लिहायचं ठरवलं तर तिसऱ्या दिवशी विसरतं. दर ५ मिनिटांनी हेल्थ चेकचा (सर्व्हर चालू आहे का ते सांगणारा) पत्ता उघडून बघणारी छोटी स्क्रिप्ट लावा. लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही तर टीमच्या चॅनेलवर वेळेसकट ओळ टाकायची. एकदाच चुकल्यावर ओरडू दिलं तर नेटवर्कच्या बारीक अडखळण्यानेही चॅनेल भरतं आणि लोक ते म्यूट करतात. दीड-दोन तासांचं काम आहे.

स्प्रिंट संपल्यावर हातात 'इतक्या वेळा, एकूण इतके तास, बहुतेकदा दुपारी अमुक जॉब चालू असताना' असं असेल. ते अर्ध्या पानात, एकाच ठोस मागणीसह पाठवा: मेमरी वाढवा, तो जॉब रात्री हलवा, किंवा रीस्टार्टचा अधिकार आम्हाला द्या. शेवटची मागणी बहुधा सगळ्यात लवकर मंजूर होते, कारण तीत त्यांचंही काम कमी होतं. टिकेटवर तारीख लिहाल ती उत्तर मिळण्याची लिहा. प्रश्न सुटण्याची तारीख आपल्या हातात नसते, आणि ती लिहून ठेवली की टिकेट विनाकारण आपल्या टीमच्या नावावर सडत राहतं. त्या तारखेला उत्तर आलं नाही तर विषय कोणाकडे न्यायचा, ते नावही आधीच लिहून ठेवा.

खजराना_क्यूए (सोमवार, संध्याकाळी ६:२०)

उगाच फेल होणाऱ्या टेस्टबद्दल सविस्तर लिहिते. 'बघायचं' म्हणून ठेवलेलं हे काम आपोआप कधीच होत नाही, आणि उचललं तर थांबायचं कुठे तेही कळत नाही.

पहिला तुकडा फक्त शोधण्याचा. कोडमध्ये काहीही न बदलता एकाच कमिटवर (कोडच्या एकाच आवृत्तीवर) पूर्ण संच २० वेळा चालवा, रात्री लावून द्या. ज्या टेस्ट कधी पास, कधी फेल होतात त्यांची यादी काढा. बहुतेकदा थोड्याच टेस्ट बहुतांश त्रास देत असतात. वरच्या पाच घ्या. त्यांना वेगळं लेबल लावून मर्ज (बदल मुख्य कोडात मिसळणं) अडवणाऱ्या संचातून बाहेर काढा आणि रात्रीच्या संचात ठेवा. बाहेर काढलेल्यांना मर्यादा हवी: एकूण पाच, आणि प्रत्येक फार तर दोन स्प्रिंट. तोवर दुरुस्त झाली नाही तर पुसून टाका आणि ती जे तपासत होती ते खालच्या पातळीवर, युनिट टेस्टमध्ये (कोडच्या एकेका छोट्या भागाच्या टेस्टमध्ये) तपासा. मर्यादा नसेल तर ती जागा अडगळीची खोली होते.

फेल झाली की आपोआप पुन्हा चालवायची सोय बऱ्याच साधनांत असते. ती कायमची चालू ठेवू नका. बिल्ड (कोड जुळवून टेस्ट चालवण्याची फेरी) हिरवं दिसतं, पण कधीतरीच घडणारा खरा दोषही त्याखाली झाकला जातो.

कारणं बहुतेक याच घरातली निघतात. 'तीन सेकंद थांब' असं ठोकून लिहिलेलं असतं, त्याऐवजी बटण दिसेपर्यंत थांब असं हवं. दोन टेस्ट एकच ग्राहक-खातं वापरतात, आणि समांतर चालल्या की एकमेकींचा डेटा बिघडवतात. एक टेस्ट दुसरीनंतर चालली तरच पास होते, ते क्रम उलटापालटा करून चालवल्यावर सापडतं. आणि आपल्याकडे हमखास सापडणारं: तारीख. आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात आपल्याकडे नवी तारीख असते आणि यूटीसीवर चालणाऱ्या बिल्ड सर्व्हरकडे कालची. 'आजची नोंद दिसली पाहिजे' अशी टेस्ट दिवसा पास आणि रात्रीच्या बिल्डला फेल. टेस्टमध्ये घड्याळ बाहेरून द्या, यंत्राचं वाचू नका.

स्प्रिंटमध्ये 'शोधणं आणि वरच्या पाच बाहेर काढणं' हे एक टिकेट, साधारण ६ तास. दुरुस्ती पुढच्या स्प्रिंटला, दोन-दोन करत.

लोकमान्यनगरकर (सोमवार, रात्री ९:०५)

खूप हाती लागलं, आभार. दोन प्रश्न. पुढच्या रेट्रोत काम अर्धवट असेल तर त्यावर किती वेळ घालवायचा? आणि वरून मागणी आहे की रेट्रोतल्या सगळ्या मुद्द्यांची आणि 'किती पूर्ण झाले' याची टक्केवारी दर महिन्याला पाठवा. ती द्यावी का?

रामबाग_कट्टा (मंगळवार, सकाळी ८:५०)

रेट्रोची पहिली १० मिनिटं मागच्या कामाला. नव्या चिठ्ठ्या त्यानंतर. दोन वेगळे प्रश्न विचारा आणि उत्तरंही वेगळी लिहा: ठरलं ते केलं का? आणि केल्याने फरक पडला का? हे दोन्ही एकत्र केले की सगळी चर्चा 'हो, झालं' वर संपते.

समजा अर्ध्या तासाची रिव्ह्यूची वेळ दोन आठवडे पाळली, तरी मधला आकडा १४ वरून १२ वरच आला. म्हणजे केलं, पण फरक पडला नाही. इथे लोकांना दोष द्यायचं कारण नाही, अंदाज चुकला. पीआर उघडून बघा. ९०० ओळींचे असतील तर अर्ध्या तासात ते वाचून होत नाहीत आणि वाचणारा ते टाळतो. पुढचं काम तिथे, पीआर लहान करण्यावर: ४०० ओळींच्या वर गेला की बिल्डने इशारा द्यावा. अडवू नये, इशाराच द्यावा, कारण नाव बदलण्यासारखे यांत्रिक बदल मोठे असूनही निरुपद्रवी असतात.

अर्धवट असेल तर १० मिनिटांत तीनपैकी एक निर्णय: चालू ठेवायचं, लहान करायचं, सोडायचं. सोडणं मोठ्याने बोलून, टिकेटवर एका ओळीचं कारण लिहून. चुपचाप विरलेल्या ठरावाने टीमचा रेट्रोवरचा विश्वास जातो. उघडपणे सोडलेल्याने तसं होत नाही.

टक्केवारी देऊ नका, आणि हे मी ठामपणे सांगतो. 'किती पूर्ण झाले' मोजलं जातंय हे कळलं की टीम पूर्ण होण्यासारखीच कामं निवडते: विकीचं पान नीट करणं, चॅनेलचं नाव बदलणं. टेस्ट एन्व्हायर्नमेंटसारखा अवघड प्रश्न कुणी लिहीतच नाही. आणि सगळे मुद्दे वर जाणार असतील तर पुढच्या रेट्रोत लोक तोलूनमापून बोलतील. वर पाठवायचं ते टीमने ठरवून: आमच्या हाताबाहेरचा हा एक प्रश्न, हे त्याचे आकडे, ही मागणी. व्यवस्थापकाला एवढंच खरं उपयोगी असतं, हे त्यांना समोर बसून सांगा.

सुपरकॉरिडॉर_पीओ (मंगळवार, सकाळी १०:००)

तिसरा ठराव, स्टोरीतली स्पष्टता, माझ्याकडे बोट दाखवतो म्हणून मीच घेते. ग्राहक पूर्व किनाऱ्यावर असेल तर त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०, आणि त्यांचं हिवाळी घड्याळ लागलं की ७:३०. इंदुरात सकाळी ११ ला उगवलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे त्या दिवशी कामाला येत नाही. एक प्रश्न, एक दिवस. (त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. सामाईक मीटिंगची वेळ तेव्हा तपासून घ्या.)

म्हणून मोजायचं ते हे: स्टोरी हातात घेतल्यानंतर ग्राहकाला किती प्रश्न गेले. प्रत्येक प्रश्न त्या टिकेटवरच टिप्पणी म्हणून लिहा, 'प्रश्न' हा शब्द पुढे लावून. स्प्रिंटच्या शेवटी मोजायला पाच मिनिटं लागतात. उपाय म्हणून प्रत्येक स्टोरीत तीन उदाहरणं खऱ्या आकड्यांसह लिहा: एक नेहमीचं, एक कडेचं, एक चुकीच्या माहितीचं. 'सवलत लागू व्हावी' असं नको. '९९९ रुपयांच्या खरेदीवर सवलत नाही, १००० वर आहे, रक्कम रिकामी असेल तर हा संदेश' असं हवं. 'स्टोरी तयार कधी' याची लांबलचक यादी करू नका, ती दार अडवायला वापरली जाते. हे तीन उदाहरणांचं एकच कलम पुरतं.

पळशीकर_कॉलनी (मंगळवार, सकाळी ११:४०)

एक भर. सवयीच्या स्वरूपाचा ठराव ('अमुक करायचं विसरू नका') टिकेट म्हणून फार काळ जगत नाही, त्याला यंत्रात किंवा साच्यात घर द्या. पीआरच्या साच्यात एक ओळ, बिल्डमध्ये एक तपासणी, किंवा डेफिनिशन ऑफ डनमध्ये ('काम झालं' कधी म्हणायचं याच्या यादीत) एक कलम. पण दर तीन महिन्यांनी ती कलमं वाचून निरुपयोगी असतील ती काढाही. साच्यात १५ चौकोन झाले की लोक न वाचता सगळ्यांवर खूण करतात.

आणि पाचवा ठराव, 'संवाद वाढवायचा', तो सोडून द्या. बाकीचे चार हलले तर त्याखाली नेमकं काय होतं ते कळेल.

लोकमान्यनगरकर (मंगळवार, दुपारी ३:१५)

दुपारी टीमशी बोललो. येत्या स्प्रिंटसाठी एकच मोठं टिकेट, असं लिहिलंय:

'रोज ११:३० ते १२ रिव्ह्यू. रिव्ह्यू रकान्यात मर्यादा ३. पहिल्या टिप्पणीपर्यंतचा मधला आकडा ६ तासांच्या आत. लक्ष ठेवणारी व्यक्ती एक, नाव टिकेटवर. राखीव १२ तास. स्प्रिंटच्या मध्यावर, पाचव्या दिवशी, आकडा एकदा बघायचा.' सोबत किरकोळ म्हणून हेल्थ चेकची स्क्रिप्ट, २ तास. स्प्रिंट बुधवार ते मंगळवार करायला सगळे तयार आहेत.

खजराना_क्यूए (मंगळवार, दुपारी ३:४०)

आजचा आकडा लिहिला नाहीये. तो नसेल तर ६ वर आल्याचं समाधान किंवा दुःख कशाच्या तुलनेत करायचं? आज संध्याकाळीच २० पीआर काढून भरा. आणि पाचवा दिवस मोजून बघा, तो रंगपंचमीला येत नाही ना.

लोकमान्यनगरकर (मंगळवार, संध्याकाळी ६:५५)

रंगपंचमीलाच येत होता, एक दिवस अलीकडे घेतला. आजचा मधला आकडा १७ तास. टिकेटवर लिहिला.